घरी आणलेला पोपट का ओरडतो?

दिल्लीत संध्याकाळच्या वेळी लोदी उद्यानात किंवा हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात थोडा वेळ थांबले, तर डोक्यावरून हिरव्या पोपटांचे थवे एकामागून एक जाताना दिसतात. त्यांचे उडणे सरळ आणि वेगवान असते, आणि उडताना ते सतत ओरडत असतात. दिवसभर बागांतून, शेतांतून आणि रस्त्याकडेच्या झाडांवरून चरलेले हे पक्षी अंधार पडण्यापूर्वी ठरावीक झाडांवर रात्रीसाठी गोळा होतात. त्यांच्या या कोलाहलाची तक्रार सहसा कोणी करीत नाही. तो संध्याकाळचाच एक भाग वाटतो. परंतु त्याच वेळी एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील सज्ज्यात टांगलेल्या पिंजऱ्यातून तसाच आवाज निघू लागला, म्हणजे त्या घरातील माणसे हवालदिल होतात.

अशा एका घराची आपण कल्पना करू. ओळखीच्या एका कुटुंबाची बदली झाली, त्यांनी सहा वर्षे सांभाळलेला पोपट कोणीतरी घ्यावयास हवा होता, आणि दयेपोटी या घराने तो आणला. पहिले चार-पाच दिवस पक्षी गप्प होता. त्यानंतर तो पहाटे आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास किंचाळू लागला. कधी तो दांडीवर अंग चपटे करून पंख थरथरवतो, कधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, कधी मान एकाच तऱ्हेने फिरवीत राहतो, आणि हात पुढे केला की चावतो. शेजारी दोनदा दार वाजवून गेले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना हे लक्षण शुभ वाटत नाही. कोणी म्हणतो मिरच्या बंद करा, कोणी म्हणतो पिंजऱ्यावर काळे कापड टाका, कोणी म्हणतो हा पक्षी मुळातच हट्टी आहे, देऊन टाका. अशा रीतीने पोपट तिसऱ्या घरी जातो, तेथून चौथ्या. आणि प्रत्येक घरी त्याच्या वाईट स्वभावाची कीर्ती त्याच्या आधी पोहोचलेली असते.

या प्रकरणात आपण त्या ओरडण्याचा आणि त्या हालचालींचा अर्थ पाहणार आहोत. ओरडणे हा पोपटाचा स्वभावदोष नव्हे. थव्यात राहण्यासाठी घडलेल्या पक्ष्याचे ते बोलणे आहे, आणि शरीराच्या खुणा लक्षात घेऊन ऐकले तर त्याचा अर्थ बहुधा लागतो. अर्थ लागला म्हणजे पुढे काय करावे हेही दिसू लागते. मात्र ते नेहमीच आपल्या सोयीचे असेल असे नाही.

प्रथम पक्षी ओळखावा

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांतील घरांत जे पोपट आढळतात त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आपल्याच देशातील पोपटांचा. यांत सर्वांत परिचित म्हणजे कंठवाला पोपट. शेपटीसह याची लांबी सुमारे ४० सेंटीमीटर असते, चोच लाल असते, आणि प्रौढ नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असते. ही कंठी साधारणपणे तिसऱ्या वर्षी फुटते. त्यापूर्वी नर आणि मादी सारखेच दिसतात. याच्याहून बराच मोठा आणि खांद्यावर तपकिरी-लाल डाग असलेला पोपट उत्तरेत 'पहाडी' या नावाने ओळखला जातो. दुसरा वर्ग परदेशी पक्ष्यांचा. ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकेटील, आफ्रिकेतील लव्हबर्ड व करडा पोपट, दक्षिण अमेरिकेतील पिवळ्याधमक रंगाचा सन कोन्यूर हे त्यांतील काही होत. सन कोन्यूर आकाराने लहान असूनही आवाजाने अतिशय मोठा असतो. करडा पोपट आरडाओरडा तुलनेने कमी करतो, पण नकला फार करतो. तेव्हा आपल्या घरी आलेला पक्षी कोणता, हे समजल्यावाचून त्याचा आवाज नेहमीचा की असाधारण, हे ठरविता येत नाही.

जातीइतकेच महत्त्व त्याच्या बालपणाला आहे. उत्तर भारतात कंठवाल्या पोपटाचा विणीचा हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल असा असतो. झाडांच्या ढोल्यांत, तसेच दिल्लीत जुन्या वास्तूंच्या भिंतींतील भोकांत तो घरटे करतो. पिले सुमारे सात आठवडे घरट्यात असतात. ती पूर्ण वाढण्यापूर्वीच ढोलीतून काढून विकली जातात. अशा पिलाला माणसाने चमच्याने भरवून वाढविलेले असते. घास देणारे माणूस, ऊब देणारे माणूस, आवाजाला उत्तर देणारेही माणूसच. त्यामुळे तो माणसालाच आपला थवा मानू लागतो. पुढे तोच थवा त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघून जातो.

ओरडणे ही थव्याची भाषा आहे

पोपट बोलतो याचे माणसाला फार जुने कौतुक आहे. संस्कृतातील 'शुकसप्तती'मध्ये पोपट सत्तर गोष्टी सांगतो. चौदाव्या शतकात नख्शबी याने त्याच परंपरेतील कथांचे फारसीत 'तूतीनामा' रचले, आणि अकबराच्या चित्रकारांनी ते चितारले. दिल्लीच्या अमीर खुसरोला लोकांनी 'तूती-ए-हिंद' म्हणजे हिंदुस्थानचा पोपट म्हटले. दुसरीकडे अर्थ न समजता केलेल्या पाठांतराला आपण मराठीत पोपटपंची म्हणतो. या दोन्ही ठिकाणी पोपटाची किंमत तो आपली भाषा किती बोलतो यावर ठरते. त्याला स्वतःची बोली आहे, हे त्यात राहून जाते.

या बोलीतील सर्वांत महत्त्वाचा स्वर म्हणजे संपर्काची साद. दाट पानांत हिरवे पक्षी एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ते आवाजाने एकमेकांचा ठाव घेतात. एक पक्षी साद घालतो, दुसरा प्रतिसाद देतो. प्रतिसाद आला की पहिला पुन्हा खाण्याकडे वळतो. तो आला नाही तर साद वाढत जाते, तीव्र होते. पहाटे थवा निघताना आणि संध्याकाळी एकत्र जमताना या सादेला ऊत येतो. घरातील पोपट नेमक्या याच दोन वेळी ओरडतो, याचे कारण यात आहे. त्याच्या सज्ज्यावरून रानटी थवे जात असतील तर त्यांचा आवाज ऐकूनही तो साद घालतो.

या सादेविषयी व्हेनेझुएलात झालेले एक संशोधन आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कार्ल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील एका लहान पोपटाच्या घरट्यांत कॅमेरे बसवून पिलांचे आवाज नोंदविले. त्यांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक पिलाची ओळखीची साद वेगळी असते, आणि ती आईबापांच्या सादेशी मिळतीजुळती असते, असे त्यांना दिसून आले. हे साम्य रक्ताचे की शिकवणीचे, हे पाहण्यासाठी त्यांनी काही घरट्यांतील अंडी परस्परांत बदलली. तेव्हा परक्या घरट्यात वाढलेल्या पिलांची साद त्यांच्या पालनकर्त्यांच्या सादेशी जुळली. म्हणजे पोपटाची साद हा घरातून मिळालेला वारसा आहे, आणि ते घर जन्माचेच असावे लागत नाही.

आता आपल्या कल्पित घराकडे पुन्हा वळू. हा पक्षी पहिल्या कुटुंबात सहा वर्षे होता. तेथील दाराची घंटा, कुकरची शिट्टी, कोणाची तरी हाक, घरी परतणाऱ्याची शीळ यांतून त्याने आपली साद बनविली असणार. नव्या घरी तो तीच शीळ घालतो आणि थांबतो. येथे कोणाला ती ठाऊक नसते, म्हणून कोणी उत्तर देत नाही. तो पुन्हा घालतो, अधिक जोराने. घरच्यांना ऐकू येतो तो केवळ गोंगाट. म्हणून दुसऱ्याकडून पोपट घेताना पिंजरा आणि दाणे यांच्याबरोबर ही माहितीही मागून घ्यावी: त्याला काय म्हणून हाक मारीत असत, कोणती शीळ घालीत, रात्री दिवा केव्हा मालवीत, घरात कोण त्याच्याशी अधिक बोलत असे. पोपटाच्या दृष्टीने ही त्याची सगळी मालमत्ताच होय.

सगळे ओरडणे सादेचे नसते. भयाचा आवाज तुटक, कर्कश आणि एकाएकी उठणारा असतो. दिल्लीत त्याचे एक कारण डोक्यावरच असते. जगातील फार थोड्या शहरांत दिल्लीइतक्या घारी असतील. चारी बाजूंनी उघडा पिंजरा गच्चीत किंवा सज्ज्यात टांगलेला असला, तर पोपटाला दिवसभर वरून घिरट्या घालणाऱ्या घारी दिसतात आणि लपावयास पानांचा आडोसा नसतो. आपण समजतो की त्याला मोकळी हवा मिळाली. तो मात्र आपल्या शत्रूच्या नजरेखाली बसलेला असतो.

शरीराच्या खुणा

आवाजाचा अर्थ ठरविताना पक्ष्याचे शरीर काय सांगते ते पाहावे. एकच खूण निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळा अर्थ देते, हे मात्र कायम ध्यानात ठेवावे.

डोळे : पोपटाला आपल्या डोळ्यांची बाहुली काही अंशी इच्छेने आकुंचित करता येते. प्रौढ कंठवाल्या पोपटाचे बुबुळ फिकट असल्यामुळे हा बदल स्पष्ट दिसतो. पिलाचे डोळे काळसर असल्याने दिसत नाही. बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होणे म्हणजे मन प्रक्षुब्ध झाले आहे एवढेच. आवडता पदार्थ पाहून, नवा शब्द ऐकून, किंवा चावण्यापूर्वीही असे होते. त्याबरोबर मानेची पिसे ताठ, शेपटी पंख्यासारखी पसरलेली आणि अंग पुढे झुकलेले असेल, तर हात मागे घ्यावा.

पिसे : झोपण्यापूर्वी पिसे सैल करून, एक पाय पोटाशी घेऊन, चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासत बसलेला पोपट निश्चिंत असतो. क्षणभर पिसे फुलवून अंग झटकणे हे ताण उतरल्याचे चिन्ह आहे. याउलट पिसे अंगाशी घट्ट मिटून, अंग बारीक व उंच करून निश्चल राहणे हे भीतीचे चिन्ह होय. पहिल्या चार दिवसांतील जी शांतता घरच्यांना सुस्वभावाची वाटली, ती पुष्कळदा ही भीती असते. पाचव्या दिवशी तो ओरडू लागला याचा अर्थ तो बिघडला असा नव्हे. त्याला तोंड उघडण्याइतका धीर आला.

पंख : एका बाजूचा पंख आणि पाय एकाच वेळी ताणणे हे आळोखेपिळोखे देण्यासारखे आहे. पंख अंगापासून किंचित दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकणे हे उष्णतेचे लक्षण आहे. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा ते गंभीर मानावे.

अंग चपटे करून पंख थरथरविणे : ही खूण सर्वांत अधिक फसवी आहे. पिलू आईकडे घास मागते तेव्हा असेच करते. विणीच्या काळात प्रौढ मादी नरापुढे अंग झुकवून, पंख सैल सोडून डोळे फिरविते तेव्हाही साधारण असेच दिसते. सहा वर्षांचा पक्षी फेब्रुवारीत असे करू लागला आणि खाल्लेले दाणे माणसाच्या हातावर काढू लागला, तर त्याला आजार झाला असे नसून त्याने त्या माणसाला जोडीदार मानले आहे. अशा वेळी पाठीवरून आणि पंखांखालून हात फिरविणे टाळावे, कारण पक्ष्याच्या लेखी तो प्रणयाचा स्पर्श असतो. कौतुक करावयाचे तर डोके आणि गाल एवढ्यावर थांबावे. या जातीत मादी नरापेक्षा वरचढ असते आणि हंगामात ती बरीच आक्रमक होते, हेही लक्षात ठेवावे.

पीसगळ : वर्षातून एकदा, विणीनंतरच्या महिन्यांत, जुनी पिसे झडून नवी फुटतात. नव्या पिसांचे कोंब हुळहुळे असतात. या काळात नेहमीचा स्पर्शही पक्षी चोच मारून नाकारतो.

पिंजऱ्याने लावलेल्या सवयी

यांपैकी कशातच न बसणाऱ्या काही हालचाली असतात. दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासन् तास ये-जा, एकाच वर्तुळात मान फिरविणे, तीच सळई पुनःपुन्हा चावणे, स्वतःची पिसे उपटणे. रानातील पोपटात असे दिसत नाही. दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात, उडण्यात आणि सोबत्याची पिसे विंचरण्यात घालविणाऱ्या प्राण्याला वाटीभर दाणे पाच मिनिटांत मिळाले आणि पुढे काहीच करावयाचे उरले नाही, म्हणजे ती अडकलेली शक्ती अशा रीतीने बाहेर पडते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत २००३ च्या सुमारास ॲमेझॉन पोपटांवर झालेल्या प्रयोगांत पक्ष्यांना खाण्यासाठी खटपट करावी लागेल अशा वस्तू आणि चघळण्याजोगे साहित्य दिले, तेव्हा पिसे उपटण्याचे व निरर्थक हालचालींचे प्रमाण कमी झाले. जोडीने ठेवलेल्या पक्ष्यांतही सुधारणा दिसली. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली करड्या पोपटांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांची टोके मोजली. वयाबरोबर ती झिजत जातात. एकट्या ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पक्ष्यांत ही झीज जोडीने राहिलेल्या, तेवीस वर्षे मोठ्या पक्ष्यांइतकी आढळली. एकटेपणा हा पोपटाच्या बाबतीत केवळ मनाचा प्रश्न राहत नाही, तो पेशींपर्यंत जातो.

आजाराच्या खुणा

वागणुकीचा विचार करण्यापूर्वी शरीर निरोगी असल्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. पक्षी आजार लपवितात, कारण रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो. दिवसाही पिसे फुलवून पेंगणे, श्वासाबरोबर शेपटी खाली-वर हलणे, नाक किंवा डोळे वाहणे, विष्ठेचा रंग वा पातळपणा बदलणे, नेहमी बोलणाऱ्याने एकाएकी गप्प होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. पोपटापासून माणसाला सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा ताप येऊ शकतो. तेव्हा पिंजरा साफ करताना सुकी विष्ठा झाडू नये, ओली करून काढावी, आणि नंतर हात धुवावेत.

पक्ष्याची श्वसनसंस्था फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे अतिशय कार्यक्षम असते, आणि म्हणूनच विषारी हवेपुढे ती दुबळी ठरते. दिल्लीतील ऑक्टोबर ते जानेवारीतील धुरकट हवा, बंद खोलीतील शेगडी, उदबत्तीचा धूर यांपासून त्याला जपावे. न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे रिकामे तापत राहिले, तर त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो. दिवाळीच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, भिंतीशी, तीन बाजूंनी झाकून ठेवावा. घाबरलेला पक्षी अंधारात सळयांवर आदळून जखमी होतो.

मिरचीविषयीही येथे सांगितले पाहिजे. मिरचीतील तिखट द्रव्य पक्ष्यांच्या जिभेला जाणवत नाही. म्हणून पोपट ती आवडीने खातो. तिच्यामुळे तो बोलका होत नाही आणि तापटही होत नाही. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला मात्र अ जीवनसत्त्व कमी पडते. पालेभाज्या, गाजर, फळे आणि भिजविलेली कडधान्ये त्याला रोज मिळावीत.

माणसे नकळत काय शिकवितात

पोपट ओरडला की कोणीतरी धावत येते. कोणी रागावते, कोणी पिंजऱ्यावर थाप मारते, कोणी गप्प बसविण्यासाठी बिस्किट देते. आपल्या दृष्टीने यांतील एक शिक्षा आणि दुसरे बक्षीस. पोपटाच्या दृष्टीने तिन्हींचा निष्कर्ष एकच: ओरडले की थवा येतो. आणि रागावणाराही ओरडतच असेल, तर तो त्याला उत्साहाचा प्रतिसाद वाटतो. घरचे चार दिवस दुर्लक्ष करतात, पाचव्या दिवशी असह्य होऊन धावतात. तेव्हा तो चिकाटीने ओरडावे हे शिकतो. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे बक्षीस सवय सर्वांत पक्की करते, हे वर्तनशास्त्रातील जुने सत्य आहे.

म्हणून उपायाचा आरंभ एका साध्या वहीपासून करावा. दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहाव्यात: पोपट केव्हा ओरडला, त्याच्या आधी काय घडले, त्याचे शरीर कसे दिसत होते, आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केले. आपल्या कल्पित घराने अशी वही ठेवली तर तिच्यात काय दिसेल? सकाळी सहाचा आणि सूर्यास्ताचा आवाज हा थव्याचा. साडेदहाचा आवाज सगळे कामाला निघतात त्यावेळचा; शरीर पुढे झुकलेले, डोळे दाराकडे. दुपारचा तुटक आवाज सज्ज्यातला; पिसे मिटलेली, एक डोळा आकाशाकडे. आणि पंखांची थरथर फक्त घरातील एकाच व्यक्तीपुढे. ज्याला सर्वांनी एक दुर्गुण मानले होते, त्या चार निरनिराळ्या गोष्टी निघतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

सकाळ-संध्याकाळचा आवाज बंद करता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. त्या वेळी त्याच्याजवळ बसून बोलावे, त्याला स्नान घालावे, आणि शेजाऱ्यांना ती वेळ सांगून ठेवावी. एकटेपणाच्या आवाजासाठी दुसऱ्या खोलीतून हळू, ठरलेली शीळ घालून उत्तर द्यावे, तेही तो हळू साद घालील तेव्हा. जोराच्या आवाजाला उत्तर देऊ नये. घराबाहेर पडण्यापूर्वी कागदाच्या पुड्यांत, कणसाच्या पानांत, पोकळ फांदीत दाणे लपवून ठेवावेत. पिंजरा सज्ज्यातून काढून एक बाजू भिंतीला लागेल असा ठेवावा. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता मिळू द्यावी. दिवा आणि दूरदर्शन रात्री उशिरापर्यंत चालू असलेल्या खोलीतील पोपट न झोपलेल्या मुलासारखा किरकिरतो. सुधारणा आठवड्यांनी मोजावी. आरंभी ओरडणे वाढतेही, कारण जुना मार्ग बंद झाला की पक्षी तो अधिक जोराने ठोठावून पाहतो. या वळणावरच बहुतेक घरे हार मानतात.

शेवटचा प्रश्न

हे सर्व केल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळता येत नाही. घरातील पक्षी कंठवाला किंवा पहाडी पोपट असेल, तर तो तेथे असण्याचाच अधिकार कायद्याने कोणाला दिलेला नाही. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याखाली आपले देशी पोपट संरक्षित आहेत. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे हा गुन्हा असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका आदेशात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही, असे मत नोंदविले. परदेशी पोपटांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. बजरीगर आणि कॉकेटील त्या करारातून वगळलेले आहेत.

देशी पोपटाबाबत हे कळल्यावर काही जण भावनेच्या भरात पिंजऱ्याचे दार उघडून मोकळे होतात. तसे करू नये. ज्याची पिसे कापलेली आहेत, ज्याच्या छातीचे स्नायू वर्षानुवर्षे वापरात नाहीत, ज्याला अन्न शोधणे आणि घारीपासून लपणे ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती मुक्ती दिवसभरही टिकत नाही. योग्य मार्ग म्हणजे वनविभागाला कळवून पक्षी स्वाधीन करणे, किंवा १९९५ साली दिल्लीत स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ एसओएससारख्या जाणत्या संस्थेचा सल्ला घेणे. जखमी पक्ष्यांसाठी चांदणी चौकात, लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात धर्मादाय पक्षी रुग्णालय आहे. १९२९ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात विनामूल्य उपचार होतात, आणि बरा झालेला पक्षी आकाशात सोडण्याची तेथील रीत आहे. नीट तयारी झालेला पोपट इतर पोपटांच्या संगतीत उडण्याचे बळ मिळवितो. जो ते मिळवू शकत नाही, तो निदान आपल्या जातभाईंमध्ये राहतो.

तोवरच्या दिवसांत, किंवा पक्षी परदेशी जातीचा असून कायमचा आपल्याच घरी राहणार असेल तर पुढील सर्व वर्षांत, वर सांगितलेले सारे उपयोगी पडेल. पोपट बंदिवासातही पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. त्याला घरी आणणे म्हणजे तेवढ्या काळाची जबाबदारी स्वीकारणे होय. आपल्या कल्पित कुटुंबाने जुन्या घरी चौकशी केली आणि त्यांना कळले की तेथील आजोबा रोज संध्याकाळी दाराशी येताच दोनदा शीळ घालीत, असे समजू. त्या संध्याकाळी नव्या घरातील कोणी तीच शीळ दोनदा घातली, तर पोपट किंचाळणे थांबवून मान वाकडी करील आणि ऐकू लागेल. त्याला आपल्याकडे ठेवावयाचे असो की त्याच्या थव्याकडे पाठवावयाचे असो, त्याचे ऐकण्याची सुरुवात तेथून होते.